टाचणी पडली

"वांग, उक्कारुंग."

म्हणजे या, बसा. शशिकलेच्या तोंडात हे दोन शब्द इतके रुळलेत की एकदा सुट्टीच्या दिवशी गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही ती दारातच म्हणाली, "वांग, उक्कारुंग." तो बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन तसाच उभा. आतून तिचा नवरा व्यासराज ओरडला, "अगो, त्याला बसवतेस तर साडी तरी दाखव!"

टी. नगर म्हणजे तामिळनाडूच्या राजधानीतली कापडाची पेठ. तिथं एक पाचमजली साड्यांचं दुकान आहे. त्याच्या दुसऱ्या मजल्यावर, कांजीवरमच्या काउंटरमागे शशिकला उभी असते. समोर गिऱ्हाइकांसाठी मखमली खुर्च्या. नवरी बसते, नवरीची आई बसते, आत्या बसते, कंटाळलेला बाप बसतो, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर त्याची पिशवी बसते. त्यातूनही एखादी खुर्ची उरली तर दमलेलं पोर तिच्यावर मुटकुळं करून झोपतं. शशिकला सगळ्यांना बसवते. सकाळी दुकानाचं शटर वर जातं तेव्हा ती उभी राहते आणि शटर खाली येतं तोवर उभीच असते.

ती तंजावरची. शेकडो वर्षांपूर्वी जी मराठी माणसं दक्षिणेत उतरली आणि तिथलीच झाली, त्यांच्यातली. घरात मराठी बोलायची, पण जुनी, तमिळ मुरलेली. लोणच्यात मीठ मुरावं तशी. वडील शाळेत कारकून. अकरावी झाल्यावर लग्न करून ती वेस्ट मांबलमला आली. दोन खोल्यांच्या त्या घरात एकच खुर्ची होती, वेताची, आणि ती मामंजींची. मामंजी वाईट नव्हते. मोठ्यानं बोलले नाहीत कधी. पण त्यांच्या खोकल्याचा आवाज जिन्यात आला की शशिकला जिथं असेल तिथून उठून उभी राहायची. भाजी निवडताना उठायची, पोराला पाजताना उठायची. मामंजी जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्या खुर्चीत अजून कुणी बसत नाही. तिच्यावर वाळलेले कपडे पडतात.

व्यासराज अंबत्तूरला एका लेथ कारखान्यात होता. तो कारखाना बंद पडला. लोक म्हणाले, युनियननं पाडला. व्यासराज म्हणतो, "उलटें आहे. युनियन बंद पाडायची होती, म्हणून कारखाना बंद केला. उवा मारायला डोकें कापलें." तेव्हा शशिकला दुकानात लागली. त्याला आता वीस वर्षं होत आली. मुलगा शिकला आणि कोइंबतूरला नोकरीला गेला तो तिच्या पायांवर उभा राहून, असं व्यासराज चारचौघांत सांगतो. ते अगदी अक्षरशः खरं आहे. त्या पायांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा वर आल्या आहेत, नकाशात नद्या दाखवतात तशा.

ती लागली तेव्हा दुकान असं नव्हतं. एकमजली होतं, आत पांढरीशुभ्र गादी अंथरलेली. थोरले मुदलाळी, म्हणजे मालक, मांडी घालून गादीवर बसत. गिऱ्हाईक गादीवर बसे. विकणाराही गादीवर बसे. तिला काम शिकवलं नागोजी काकांनी. तेही तंजावरकडचे, पान खाऊन ओठ लाल, आणि बोटं मात्र कोरडी, कारण रेशमाला डाग चालत नाही. नागोजी साडी मांडीवर घेत, एका झटक्यात पदर उलगडत, आणि तो पदर समोर बसलेल्या बाईच्या मांडीवर जाऊन पडे. विकणाऱ्याच्या मांडीपासून घेणारीच्या मांडीपर्यंत रेशमाचा पूल.

"मुली, एक ध्यानीं ठेव," ते म्हणत. "रेशीम मांडीवर आहे तोंवर उठायचें नाही. राजा येवो की यम येवो. उठलीस तर तें घसरेल, आणि रेशीम जमिनीला लागतां कामा नये."

ते दिवस सोन्याचे होते असं काही नाही. नागोजीच सांगत, "बसायला मिळे, पण पोट उपाशी आणि मांडी घातलेली. उपाशी माणूस बसला तरी उपाशीच." पण बसायला मिळे, एवढं खरं.

मग थोरले मुदलाळी गेले आणि चिन्न मुदलाळी, म्हणजे धाकटे मालक आले. बाहेरून शिकून आलेले, मृदू बोलणारे, कपाळावर छोटंसं गंध. त्यांनी पाच मजले उठवले. गादी गेली, काचेचे काउंटर आले, कमरेएवढे उंच. नागोजी घरी गेले. आणि नियम आला की विकणाऱ्यानं उभं राहायचं. बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही, खांबाला तर नाहीच, कारण खांबांना आरसे आहेत आणि आरशात टेकलेली पाठ दिसते. मजल्याचा सुपरवायझर सुब्बा फिरत असतो. "एय, खांब पडतोय का? मग तू कशाला धरून ठेवलायस?"

उभं राहिल्यानं एक साडीही जास्त खपत नाही, हे शशिकलेला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मग हे कशासाठी? यावर तिनं फार विचार केला. उभ्या माणसाला विचार करायला वेळ पुष्कळ असतो. तिला वाटलं, गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याला शंभर उभी माणसं दिसली पाहिजेत. त्याला कळलं पाहिजे की इथं माणसं विकत घेतलेली आहेत, तर मग साडी काय, तीही घेता येईल. दुकानाच्या शोभेत ती होती. झुंबर, संगमरवर, शशिकला.

तिथंच एक गोष्ट तिला टोचायची. कांजीवरम घडीत तसंच ठेवलं तर घडीच्या रेषेवर जरीची तार चिरते. म्हणून दर काही महिन्यांनी सगळ्या साड्या काढून त्यांच्या घड्या बदलतात. जिथं मोड होती तिथं सपाट, जिथं सपाट होतं तिथं मोड. मऊ मलमलीत गुंडाळतात. हे काम शशिकलाच करते, मन लावून. साडीची घडी बदलायला दुकानात नियम आहे. माणसाची घडी कुणी बदलत नाही.

पण पाणी जसं वाट काढतं तसं अंगही काढतं. दुकानात प्रत्येकीकडे टाचण्यांची डबी असते, पुतळ्याला साडी नेसवायला आणि गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पदर लावून दाखवायला. टाचणी जमिनीवर पडली तर ती शोधून उचललीच पाहिजे. गिऱ्हाइकाच्या पायात गेली तर दुकानाचं नाव जाईल. हा मुदलाळींचाच नियम. तर पाय भरून आले की टाचणी पडायची. शेजारणीला हळूच सांगायचं, "गुंडूसी विळुंदुडुच्चु," टाचणी पडली. मग काउंटरमागे उकिडवं बसायचं आणि जी टाचणी मुठीतच आहे ती फरशीवर शोधायची. दोन श्वास, चार श्वास. तेवढ्यात शेजारीण समोरचं सांभाळून घ्यायची. सुब्बाच्या हे कधी लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि त्यालाही आई असेल.

ही युक्ती कुणाची, हे कुणी सांगत नाही. ती शशिकलेची. पहिल्यांदा तिला तिचा फार अभिमान होता. नंतर एकदा, नव्यानं लागलेली लावण्या, पोटुशी, काउंटरखाली बसून खोटी टाचणी शोधताना तिनं पाहिली. वरून फक्त वेणी दिसत होती आणि फरशीवर फिरणारा हात. शशिकलेच्या मनात आलं, आपण या पोरींना बसायला शिकवलं नाही. लपायला शिकवलं.

कायदा त्याच्याआधीच आला होता. आधी शेजारच्या केरळातल्या बायकांनी मिळवला होता, मग तामिळनाडूतही झाला. दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला बसायची सोय दिली पाहिजे, आणि संधी मिळेल तेव्हा त्यानं बसावं. व्यासराजनं पेपर वाचून दाखवला आणि म्हणाला, "बघ, बसण्यासाठींही विधानसभा उठावी लागली." शशिकला कोडंबाक्कमला एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दुकानकामगार बायकांच्या संघटनेच्या सभेला जायला लागली. तिथं सगळ्या जमिनीवर बसत. संघटनेची बाई म्हणाली होती, "कायदा म्हणजे दार आहे. आत जायला पाय आपलेच लागतात." शशिकला हसली होती. पायांचंच तर रडगाणं होतं.

दुकानात कायदा पोचायला वेळ लागला, पण पोचला. संघटनेनं तक्रार केली, पाहणीला अधिकारी येणार असं ठरलं, आणि एका सकाळी दर काउंटरमागे लाल प्लास्टिकचं एकेक स्टूल दिसलं. बायका त्यांच्याकडे बघत राहिल्या. दुपारपर्यंत एका स्टुलावर साड्यांचे खोके गेले. दुसऱ्यावर पाण्याच्या बाटल्या. तिसऱ्यावर पुतळ्याचा सुटा हात.

तिसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर शशिकला बसली. तिनं आपल्या काउंटरवरच्या लावण्यालाही बसवलं, मग पलीकडच्या दोघी बसल्या, मग सगळी रांग. जणू कुणी दिवे लावत गेलं. काउंटरच्या वर नुसती डोकी. कुणी तरी फिदीफिदी हसलं. आणि नेमक्या त्याच वेळी लिफ्टचं दार उघडून चिन्न मुदलाळी बाहेर आले.

सगळ्या उठल्या. कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही. राष्ट्रगीत लागल्यासारख्या सगळ्या एकदम उभ्या. सगळ्यात आधी कोण उठलं? शशिकला. तिला कळायच्या आत तिचे गुडघे सरळ झाले होते.

मुदलाळी हसले फक्त. पण आठवड्यानं त्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं. आडी, म्हणजे तमिळ आषाढ महिना, तोंडावर आला होता. या महिन्यातल्या सेलला टी. नगरमध्ये मुंगीला पाय ठेवायला जागा नसते.

"स्टुलं दिली," ते नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले. "मी अडवलं का कुणाला? पण मी बघतोय. कुणी बसत नाही. आणि मला त्याचा अभिमान वाटतो. मोठ्यांसमोर, गिऱ्हाइकासमोर बसायचं नाही, ही आपल्या बायकांची रीत. कायदा करणाऱ्यांना ती माहीत नाही. तर आडीचा सेल लागला की स्टुलं गच्चीवर जातील, पायात येतात. अधिकारी आले तर खरं तेच सांगायचं: मालकांनी दिली होती, आम्हालाच नको." मग जाता जाता थांबून, "कुणाला हवी असतील तर त्या बसतीलच की."

हे शशिकलेला सर्वांत जास्त लागलं. शिवी दिली असती तर परवडली असती. माणूस खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं. पण तिचे गुडघे त्याच्या बाजूनं साक्ष देऊन बसले होते.

मंगळवारी तिची सुट्टी. दुपारी ती पाय गरम पाण्यात सोडून बसली होती.

"काय झालें?" व्यासराजनं विचारलं.

"मी उठले," ती म्हणाली. "सगळ्यांत आधीं मीच. मला उठायचें नव्हतें, अहो. पाय उठले."

व्यासराजनं मामंजींच्या वेताच्या खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले, खुर्ची मधोमध आणली आणि हातानं झटकली.

"बस."

"ह्यांत? वेड लागलें काय!"

"बस म्हणतों. लेथवर नवा माणूस आला की पहिला आठवडा त्याचा हात यंत्राला बिचकतो. हात शिकवावा लागतो. तसे हे पाय शिकवायचे."

ती बसली. खुर्ची करकरली. व्यासराज बाहेर गेला, त्यानं कमरेची वेष्टी नीट केली, कपाळाला गंध ओढलं, आणि जिन्यात खोकत, मुदलाळींसारखा मान किंचित कलती करून आत आला. शशिकला ताडकन उभी.

"छे! हरलीस. पुन्हा."

पुन्हा तो आला, पुन्हा ती उठली. तिसऱ्यांदा अर्धी उठली आणि हसून खाली बसली. शेजारची बाई डोकावून गेली, म्हातारा-म्हातारी काय खेळतायत म्हणून. मग कधी तरी तो आत आला आणि ती बसून राहिली, पण दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे असे धरून की बोटं पांढरी पडली होती.

"हें बसणें नव्हे," व्यासराज म्हणाला. "हें दांताच्या डॉक्टरकडे बसणें."

तेव्हा तिला नागोजी आठवले. ती उठली, ट्रंकेतून आपली लग्नातली साडी काढली, उलगडून मांडीवर घेतली आणि बसली. व्यासराज आला. खोकला. गुडघ्यांत तीच कळ उठली. पण मांडीवर रेशीम होतं, जड, थंड, आणि ते जमिनीला लागता कामा नये. ती बसून राहिली. व्यासराज तिच्यासमोर थांबला. बराच वेळ त्या खुर्चीकडे आणि तीत बसलेल्या बायकोकडे बघत राहिला.

"अप्पा असते तर," तो म्हणाला, "तर त्यांना म्हटलें असतें, अप्पा, थोडें सरका."

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या जेवणाच्या खोलीत खेळ सुरू झाला. लावण्या मुदलाळी झाली. पोट पुढे काढून, दोन्ही कानांना दोन मोबाइल लावून ती दारातून आली, "यस, यस, सूरत, यस," आणि सगळ्या हसत हसत उभ्या राहिल्या.

"उठलात!" शशिकला ओरडली. "हसतांना पण उठलात! पुन्हा."

"अक्का, माझे नाही उठत हो, बाळ उठतं," लावण्या म्हणाली, आणि पुन्हा हशा.

डबे खाऊन झाले की रोज हा सराव. मांडीवर ओढण्या घ्यायच्या, टॉवेल घ्यायचे, मिळेल ते. सुब्बा एकदा दारात येऊन उभा राहिला. त्याला बघून दोघी उठल्या, बाकीच्या बसल्या होत्या. तो काही तरी बोलणार होता. मग म्हणाला, "जेवा, जेवा," आणि गेला.

सेल लागायच्या आदल्या दिवशी, स्टुलं गच्चीवर जायच्या आदल्या दिवशी, दुकानात गर्दी मजबूत होती. शशिकलेसमोर मायलेकी येऊन बसल्या. आई साठीची, मुलगी जीन्समधली, हातात लॅपटॉपची बॅग.

"कीर्ती, रंग बघ फक्त, किंमत मागून बघू," आई म्हणाली. मराठीतच.

"वांग, उक्कारुंग," शशिकला सवयीनं म्हणाली आणि मग, "मराठी कां तुम्ही?"

"अय्या! तुम्हीपण? मी चारुलता. ही वेलचेरीला असते, कंपनीत. नोव्हेंबरात लग्न आहे हिचं. आम्ही नाशिकचे. तुम्ही कुठल्या?"

"तंजावरची. आमचे घरीं हेंच बोलणें."

"किती गोड बोलता हो. एकदम जुनं."

"जुनें आहे," शशिकला म्हणाली. "पण मोडलें नाही."

मग तिनं पायानं लाल स्टूल ओढलं, त्याच्यावरचा खोका खाली ठेवला, आणि बसली. काउंटर उंच, तिचा चेहरा जेमतेम वर. म्हणून तिनं स्टूल बाजूला, काउंटरच्या मोकळ्या तोंडाशी घेतलं, मायलेकींच्या खुर्च्यांच्या अगदी समोर. गुडघ्यापुढे गुडघे.

चारुलताबाईंच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. "बसून दाखवणार?"

"होय. रेशीम बसूनच दाखवायचें. तुमच्याकडे ओटी उभ्यानें भरतात काय?"

"नाही बाई," त्या हसल्या. "पाटावर बसवतो."

शशिकलेनं जांभळ्या काठांची, मोरपिशी अंगाची साडी मांडीवर घेतली आणि नागोजींच्या झटक्यानं पदर सोडला. तो कीर्तीच्या मांडीवर जाऊन पडला. कीर्तीनं नकळत दोन्ही हात पुढे केले. रांगेतल्या बायकांनी ते पाहिलं. लावण्यानं तिचं स्टूल ओढलं. मग पलीकडच्या. लाल प्लास्टिकच्या पायांचा फरशीवर घासल्याचा आवाज मजलाभर फिरला, आणि त्यातच लिफ्टची घंटी वाजली.

चिन्न मुदलाळी बाहेर आले. त्यांच्यामागे सुब्बा. गुडघ्यात कळ उठली, जुनी, ओळखीची, मामंजींच्या खोकल्यापासूनची. शशिकलेनं मान वर केली नाही. तिनं काठ उलगडून दाखवला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला रांग दिसत होती. एक मुलगी अर्धी उठली. तिच्या शेजारणीनं तिच्या मांडीवर साडीचं टोक टाकलं. ती बसली.

मुदलाळींची पावलं काउंटरपाशी थांबली. ते माणूस ओळखणारे होते. गिऱ्हाइकासमोर आवाज चढवणारे नव्हते.

"असू दे, अक्का," ते अगदी प्रेमानं म्हणाले. "मांडीवर रेशीम आहे, कशा उठणार? अप्पांच्या वेळची माणसं तुम्ही. मला कळतं."

मजला ऐकत होता. त्यांनी तिला सुटायला वाट दिली होती. ती घेतली असती तर सगळं गोड झालं असतं. मांडीवर साडी होती म्हणून ती बसली. उद्या साडी नसेल तेव्हा उभी. टाचणीसारखंच. आणखी एक लपायची जागा, जरा महागाची.

शशिकलेनं साडीची घडी घातली. घाई केली नाही. पदर कीर्तीच्या हातांतून हलकेच सोडवला, काठाला काठ लावला, मोडीवर हात फिरवला. घडी चारुलताबाईंच्या हातात दिली. मांडी मोकळी झाली. दोन्ही हात तिनं मोकळ्या मांडीवर ठेवले. मग मान वर करून मुदलाळींकडे पाहिलं, आणि बसूनच, रोज शंभरदा म्हणायची त्याच आवाजात म्हणाली,

"वांग, उक्कारुंग."

कीर्तीच्या शेजारची मखमली खुर्ची रिकामी होती. मुदलाळींनी तिच्याकडे पाहिलं. मजल्यावर दोनच माणसं उभी होती, ते आणि सुब्बा. बाकी सगळ्या बसलेल्या, लावण्यासुद्धा. आणि तिच्या मांडीवर काही नव्हतं, नुसतं तिचं पोट. शशिकलेचे पाय थरथरत होते. साडीच्या निऱ्यांत ते कुणाला दिसलं नाही. ते थरथरले, पण उठले नाहीत.

"मला काम आहे," मुदलाळी म्हणाले, आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं गेले.

"कोण होते हो?" चारुलताबाईंनी विचारलं.

"मालक."

"आणि तुम्ही..." त्यांनी हातातली घडी परत शशिकलेच्या मांडीवर ठेवली. "हीच द्या. तुम्हीच द्या."

स्टुलं गच्चीवर गेली नाहीत. पाहणीला अधिकारी आले तेव्हा त्यांना काही विचारावं लागलं नाही. बायका बसलेल्या होत्या. पण शशिकलेची बदली झाली. रेशमावरून तळमजल्याला, टॉवेल-लुंगीच्या विभागात. वीस वर्षं कांजीवरम हाताळलेल्या बाईला टॉवेल. निरोप सुब्बानं आणला, फरशीकडे बघत.

"तिथं स्टूल आहे का?" तिनं विचारलं.

"माहीत नाही, अक्का."

"मग मी माझं नेते."

तिनं लाल स्टूल उचललं. लिफ्टनं गेली नाही. सरकत्या जिन्यावर, सेलच्या गर्दीत, स्टूल कडेवर घेऊन उभी राहिली. मजल्यावरच्या सगळ्या कठड्याशी आल्या. लावण्या वरून ओरडली, "अक्का, पालखी निघाली!" शशिकलेनं वर बघून हात हलवला. गिऱ्हाइकं वाट देत होती, हे काय चाललंय म्हणून बघत होती. घरी सांगितल्यावर व्यासराज म्हणणार होता, टॉवेल तर टॉवेल, त्यानें अंग पुसतात, रेशमानें कोण पुसतो? हे तिला आधीच ऐकू आलं आणि ती एकटीच हसली.

तळमजल्यावर टॉवेलांचे डोंगर होते आणि त्यांच्यामागे उभ्या पोरी. या मजल्यावर स्टुलं कधी आलीच नव्हती, की आली आणि कुठं गेली, कुणी सांगू शकत नव्हतं. काउंटरमागे जागा शोधताना तिला खाली एक मुलगी दिसली. उकिडवी बसलेली, फरशीवर हात फिरवत.

मुलगी दचकून वर बघत म्हणाली, "टाचणी पडली, अक्का."

शशिकलेनं स्टूल तिच्याशेजारी ठेवलं आणि तिचा हात धरला.

"टाचणी राहू दे," ती म्हणाली. "वर बस."